मुकं ठिगळ

माझा नवरा कमलाकांत याला रंग ओळखण्याचा पगार मिळायचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कपड्यांचे रंग बनवणारी एक कंपनी होती, तिच्या लॅबमध्ये तो शेड जुळवायचा. नवा माल तयार झाला की त्यात सुताची लडी बुडवायची, वाळवायची, जुन्या नमुन्याच्या बाजूला धरून खिडकीत उभं राहायचं आणि सांगायचं: पाच टक्के फिका, टोन लालकडे झुकतोय, चमक कमी. तो हो म्हणाला की माल पास, नाही म्हणाला की परत. सातपाटीच्या तांडेलाचा मुलगा. बापाच्या होडीवर एक हंगाम गेला, उलट्या करून अर्धा झाला आणि कॉलेजात नाव घातलं. स्वतःच्या डोळ्यांवर मात्र त्याचा फार विश्वास होता.

लग्नानंतर चौथ्या महिन्यात त्याने घरी धामण आणली. माझं माहेर पालघरजवळच्या माहीमचं, वाडीत साप निघायचेच, त्यामुळे मी काही किंचाळले वगैरे नाही. पण साप पाळायचा म्हणजे काय करायचं, हे मला कळेना. बोईसरला कंपनीच्या दोन खोल्या होत्या आणि मागे जाळीची गॅलरी. त्या गॅलरीत हळूहळू काचेच्या पेट्या आल्या. धामण, दोन गवत्ये, एक तस्कर, एक मांडूळ. विषारी साप तो ठेवत नसे. मी पेट्या पुसायचे, पाण्याच्या वाट्या भरायचे. माझं अक्षर बरं होतं आणि शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दिलेली, म्हणून प्रत्येक सापाची नोंद वहीत मी लिहायची आणि शेजारी त्याच्या पाठीची नक्षी पेन्सिलीने काढायची, असं ठरलं. मला ते काम आवडायला लागलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी फॉरेस्टच्या माणसाला वेगळं सांगितलं.

चौऱ्याऐंशी साली कंपनीच्या गोदामात ड्रमच्या खाली साप निघाला. काळसर अंग, पांढरे पट्टे. कामगार लोखंडी पाइप घेऊन धावले. कमलाकांतला बोलावणं गेलं, कारण सापवाले साहेब म्हणून त्याची ओळख झाली होती. त्याने लांबूनच पाहिलं आणि म्हणाला, "मण्यार आहे. कोणी जवळ जाऊ नका."

तेव्हा रंगाचे ट्रे भरणाऱ्या बायकांमधून एक बाई पुढे आली. म्हणाली, "मण्यार नाय, साहेब. कवड्या हाय, बिनविषाचा."

"तुला कशावरून कळलं?"

"मण्यारीचे पट्टे मानेपासनं लागत नाय. वीतभर खाली उतरले का लागतात, न् शेपटीपातूर साफ असतात. ह्याचे बघा, मानेलाच दाट, न् खाली जाऊन पुसटलेत." एवढं बोलून तिने वाकून तो साप उचलला, कुंपणापलीकडच्या गवतात नेऊन सोडला आणि परत ट्रे भरायला बसली.

ही गोष्ट संध्याकाळी कमलाकांतनेच मला सांगितली, हसत हसत. सगळ्यांसमोर आपण चुकलो, हे तो तेव्हा सांगू शकत होता. त्या दिवसांतला तो मला अजून आठवतो, आणि म्हणूनच पुढचा जास्त लागतो.

त्या बाईचं नाव ठकी. वाणगावच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी तिचा पाडा. नवरा जिवल्या पावसाळ्यात भात लावायचा आणि दिवाळीनंतर वैतरणेच्या बाजूला रेतीच्या कामाला जायचा. ठकी ठेकेदाराकडे रोजावर होती. ओला रंग पत्र्याच्या ट्रेमध्ये हाताने पसरायचा आणि ट्रे भट्टीत सरकवायचे. त्यामुळे तिचे हात कोपरापर्यंत रंगलेले असत आणि टाचांच्या भेगांतही रंग बसलेला असे. कंपनीत कुठला माल चालू आहे हे मला ठकीच्या टाचांवरून कळायचं.

कमलाकांतने तिला घरी बोलावलं. पहिल्यांदा ती उंबऱ्याबाहेरच बसली. "पाय रंगाचे हायत, वयनी, लादी खराब होल," म्हणाली. मी तिला हाताला धरून आत घेतलं. तिने पेट्या पाहिल्या. तस्करापाशी बराच वेळ उभी राहिली.

"ह्याला उद्या-परवा कात येल. डोळे निळसर झालेत. आज ह्याचा रंग लिवू नका. कातीच्या आधी रंग लिवला तं तो खोटा."

आम्ही आदल्या दिवशीच लिहिला होता. कमलाकांतने वही उघडून त्यावर काट मारली.

मग ती महिन्यातून एक-दोन रविवार यायला लागली. त्याच सुमारास कंपनीत मशीन बसवायला आलेला एक परदेशी माणूस जाताना कमलाकांतला एक इंग्रजी मासिक देऊन गेला होता. तिकडे लोक साप पाळतात, त्यांची पैदास करतात, आणि रंग न् नक्षी बघून साप चांगला की साधा हे ठरवतात. त्यासाठी त्यांचे शब्द ठरलेले. आम्ही दोघं शब्दकोश घेऊन बसायचो. 'क्लीन' म्हणजे ज्याच्यावर उगाचचे ठिपके नाहीत असा. 'कॉन्ट्रास्ट' म्हणजे अंगाचा रंग आणि नक्षीचा रंग यांतला फरक, जितका जास्त तितका भारी. 'हायपो' म्हणजे काळा रंग अंगात कमी असलेला, म्हणून उजळ. 'रिड्यूस्ड' म्हणजे नक्षी विरत गेलेली. 'अबेरंट'ला शब्दकोशात 'मार्ग सोडून गेलेला' असं दिलं होतं.

ठकीला कमलाकांत हे समजावून सांगायचा. तिला मजा वाटायची.

"डाग नसला का चांगला?" तिने विचारलं.

"त्यांच्याकडे तसं मानतात."

"मंग पानांत दडंल कसा?"

"पेटीत दडायचं कशाला?"

तिने पेटीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तं मंग हे पेटीतल्या सापाचे शबूद हायत."

तिचे स्वतःचे शब्द होते. बापाकडून आलेले काही, काही तिचेच. राखाडीला ती राखाडी म्हणत नसे. शेतात पालापाचोळा भाजतात त्या राबाची राख आणि चुलीची राख असे तिचे दोन वेगळे रंग होते, आणि धामणीला कुठला लावायचा ते ती उजेडात धरून सांगायची. पेंढ्याचा पिवळा वेगळा, सुकल्या मोहाच्या फुलाचा वेगळा. अजगराच्या पाठीवरच्या डागांना ती ठिगळं म्हणायची. मध्ये फिकी खिडकी असलेलं ते उघडं ठिगळ; सगळं भरलेलं, मध्ये काहीच नसलेलं, ते मुकं ठिगळ. दोन ठिगळं एकमेकांना चिकटली की सांधा. कमलाकांत कंपनीतून सुताच्या रंगवलेल्या लड्या आणायचा, सापाशेजारी धरायचा आणि ठकीच्या शब्दासमोर नंबर घालायचा: राबाची राख, लडी अकरा, दोन टक्के. इंग्रजी शब्द डाव्या रकान्यात, ठकीचा मधल्या, आपला नंबर उजव्या. लिहायची मी. ठकीला वाचता येत नसे, पण चित्रावर बोट ठेवून ती सांगायची, "हा ठिगळ तुमी जरा लांब काढलाय, वयनी." मी खोडून पुन्हा काढायचे.

शहाऐंशीच्या थंडीत ती एका रविवारी गोणपाट घेऊन आली. आत अजगराचं पिल्लू. हातभर लांब, आणि असा रंग मी त्याआधी पाहिला नव्हता. अजगर तपकिरी असतो, हा उजळ होता, सुकलेल्या मोहाच्या फुलासारखा. ठिगळं तांबूस. ओढ्याच्या काठी पाड्यातली माणसं त्याला ठेचायला निघाली होती, म्हणून तिने उचलला.

"चार दिस ठेवा. पायाला लागलेत दगड, म्हंजे पोटाला," ती हसली. "बरा झाला का परत नेते, तिथंच सोडते."

कमलाकांत गोणपाटावर वाकला. "हायपो," तो म्हणाला. "नलू, हायपो आहे हा. अस्सल." मग त्याने पिल्लू उजेडात धरलं. "आणि इथे बघ. नक्षी पण अबेरंट."

मानेपासून सातवं ठिगळ मुकं होतं आणि त्याच्या डाव्या बाजूचा सांधा मध्येच तुटला होता. मी ते चित्र दोन दिवस काढलं. नोंद क्रमांक चौदा.

जखम भरली. चार दिवसांचे चार महिने झाले. ठकी दर वेळी विचारायची, "नेऊ का आता?" तो म्हणायचा, "पुढच्या रविवारी." नंतर तिने विचारायचं सोडलं. पण आली की आधी त्याच्या पेटीपाशी जायची. तो वाढत होता, आणि वाढताना अजगर काळवंडतात तसा तो काळवंडला नाही. कमलाकांत घरी कोणी आलं की त्याला बाहेर काढायचा. "जगात असे किती असतील माहीत नाही. याच्यासारखा दुसरा नाही," म्हणायचा.

सत्त्याऐंशीच्या पावसाळ्याच्या अखेरीला पालघरच्या एका शाळेत त्याचं भाषण झालं. मी गेले होते. मुलांना तो फळ्यावर ठिगळं काढून दाखवत होता, उघडं ठिगळ, मुकं ठिगळ, सांधा. मास्तरांनी विचारलं, "हे शब्द कुठले?" तो म्हणाला, "मी ठरवलेत. अभ्यासासाठी लागतात." परतताना मी त्याला म्हटलं, "ठकीचं नाव घ्यायचं होतंस." तो म्हणाला, "पोरांना काय कळणार ठकी कोण ते?"

त्या भाषणाची बातमी एका साप्ताहिकात फोटोसकट छापून आली, गळ्यात मांडूळ घातलेला कमलाकांत. आठ दिवसांनी फॉरेस्टच्या ऑफिसातून कागद आला: आपल्या घरी वन्य प्राणी असल्याचे समजते, सोमवारी पाहणीस येत आहोत. कंपनीच्या खोल्यांत राहणाऱ्यांपैकीच कोणीतरी बातमी घेऊन गेलं असणार.

तेव्हा कमलाकांतला प्रथम भीती वाटली. कायदा त्याला ठाऊक होता. इतर सापांचं निभावून जाईल, पण अजगर ठेवणं म्हणजे तुरुंग. शनिवारी त्याने धामण, गवत्ये, तस्कर, मांडूळ सगळे नेऊन सोडले. चौदा नंबरच्या पेटीपाशी येऊन मात्र तो बसून राहिला.

"याला पण सोड," मी म्हटलं.

"परत मिळायचा नाय." घाबरला की त्याच्या तोंडून सातपाटी बाहेर यायची. "नाय मिळायचा, नलू. असा कधीच नाय."

रविवारी ठकी आली. त्याने तिला सांगितलं, आठवडाभर तुझ्याकडे ठेव, पाहणी होऊन जाऊ दे.

ती म्हणाली, "ठेवायचा कशाला? ओढ्याला सोडते ना."

"सोडायचा नाही. कणगीत ठेव. मी पुढच्या रविवारी स्वतः येतो न्यायला."

"फारेश्टवाले रस्त्याला उभे असतात, साहेब. लाकडांसाठी मोळ्या बघतात."

"तू काय मोळी घेऊन चाललीस? पिशवी आहे. तुला कोण विचारणार?"

ठकीने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी म्हणावं असं तिला वाटलं असेल. मी पिठाची रिकामी पिशवी आणली, अजगर आत गेला, आणि पिशवीचं तोंड मी सुतळीने बांधलं. दोन गाठी मारल्या. पिशवी पाटीत ठेवून वर चार भोपळे रचले. तिने पाटी डोक्यावर घेतली आणि ती एसटीच्या थांब्याकडे गेली. दुपारचे तीन वाजले होते.

पाड्याच्या फाट्यावर उतरली तर तपासणी नाका. गार्डने भोपळ्यांखाली हात घातला.

सोमवारी सकाळी फॉरेस्टचा अधिकारी आमच्याकडे आला, पण पाहणीसाठी नाही. मोकळ्या पेट्यांकडे त्याने नजरसुद्धा टाकली नाही. खुर्चीवर बसून चहा घेतला आणि अगदी अदबीने म्हणाला, "साहेब, एका बाईकडे जिवंत अजगर सापडलाय. तुमचं नाव पेपरात वाचलं, आमच्याकडे सापांतलं कोणी नाही. जरा येऊन ओळख पटवून द्या, पंचनाम्यावर सही करा. पाहणीचं काय, ते होऊन जाईल. आणि वहिनींना पण आणा, बाई आरोपी आहे, बाई पंच असलेली बरी."

म्हणजे ठकीने आमचं नाव घेतलं नव्हतं. रात्रभर घेतलं नव्हतं.

जीपमध्ये कमलाकांत माझ्या शेजारी बसला. त्याने माझा हात धरला होता. मला वाटलं, तो सांगेल. कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत असेल, असं मी धरून चालले.

ऑफिसच्या पडवीत ठकी भिंतीला टेकून बसली होती. आदल्या दिवशीचंच लुगडं. जिवल्या बाजूला उकिडवा. आम्हाला पाहिल्यावर तिचा चेहरा मोकळा झाला. नवऱ्याला म्हणाली, "आले साहेब. आता सांगतील."

आत टेबलावर पत्र्याचा डबा होता. गार्डने झाकण काढलं. अजगर वेटोळं करून बसला होता, डोळे निळसर, अंग फिकुटलेलं. कात येणार होती. अधिकारी कागद घेऊन बसला. लांबी लिहिली. जात लिहिली. मग विचारलं, "हा पाळलेला वाटतो का रानातला?"

"रानातला," कमलाकांत म्हणाला. "नुकताच धरलेला."

ठकीला आत आणून उभं केलं होतं. तिला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"काही विशेष खूण? म्हणजे कोर्टात हाच तो, हे सांगता यायला?"

"तसं काही नसतं," कमलाकांत म्हणाला. तो खिडकीकडे बघत होता. "अजगर सगळे सारखेच दिसतात."

"सारखे?" ठकी म्हणाली. रागावून नाही. चकित होऊन. "साहेब, सारखे कसे? सातवा ठिगळ मुका हाय. डावा सांधा तुटलाय. तुमी सवता दाखवता लोकांना. वयनींनी काढलाय कागदावर, मीच बसून काढून घेतलाय."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, काय म्हणतेय ही?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते, फक्त माझा नवरा सोडून. मला एवढंच दिसत होतं: नोकरी, कंपनीच्या खोल्या, आणि पोटात तीन महिन्यांचं बाळ. ही कारणं मी नंतर कितीतरी वेळा मांडून पाहिली आहेत. ती खरी आहेत, आणि त्यांचा काही उपयोग नाही.

"मला सापांतलं काय कळत नाय," मी म्हटलं.

आणि जिथे त्याने बोट ठेवलं तिथे सही केली. माझं अक्षर चांगलं आहे असं अधिकारी म्हणाला.

आम्ही बाहेर पडताना ठकी डब्याकडे बघत होती. जिवल्या उठून कमलाकांतच्या पुढ्यात आला, हात जोडले, म्हणाला, "साहेब, तुमी मोठे, तुमी कायतरी करा." त्याला अजून काहीच कळलं नव्हतं.

घरी आल्यावर कमलाकांतने वही घेतली आणि कंपनीत गेला. दुसऱ्या दिवशी मी विचारलं तेव्हा म्हणाला, "बॉयलरमध्ये टाकली." ते जेवढ्या सहज सांगितलं तेवढ्याच सहज भाकरीचा तुकडा मोडला. मग मात्र ताटावरून उठला, मोरीत जाऊन उलटी केली. मी पाठीवर हात ठेवायला गेले नाही.

अजगर चौथ्या दिवशी डब्यातच मेला. पाणी ठेवलं नव्हतं, अर्धी कात अंगावर तशीच सुकली. हे आम्हाला गार्डनेच सांगितलं, कारण तो मुद्देमाल होता आणि मेल्याच्या कागदावरही कमलाकांतची सही लागत होती. त्याने केली.

ठकीला ठाण्याच्या तुरुंगात नेलं. जामीन व्हायला एकोणीस दिवस लागले. ठेकेदाराने तिच्या जागी दुसरी बाई लावली. खटला तीन वर्षं चालला. तारीख बहुतेक लावणी नाहीतर कापणीच्या दिवसांत पडायची आणि ठकी-जिवल्या दोघांना पालघरला यावं लागायचं, दिवस मोडायचा, कोर्ट पुढची तारीख द्यायचं. मला दोनदा साक्षीला बोलावलं. दोन्ही वेळा माझं नाव पुकारलंच गेलं नाही. दुसऱ्या वेळी मी ठरवून गेले होते की सगळं सांगायचं. बाळाला सासूकडे ठेवून, वकिलाला आधी न सांगता. बाकावर सकाळपासून चारपर्यंत बसले. चार वाजता शिपाई म्हणाला, आज होणार नाही, आणि मला हलकं वाटलं. ते हलकं वाटणं मी विसरलेले नाही.

मग एका तारखेला ठकीनेच उभं राहून सांगितलं की हो, मीच धरला. तिच्या वकिलाने तिला समजावलं होतं, कबूल केलंस तर लवकर सुटशील. त्याला नीट ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक होतं. कायद्यात अजगराला कमीत कमी सहा महिने होते. तिला सहा महिने पडले.

या काळात कमलाकांतचं चांगलं चाललं होतं. फॉरेस्टवाले त्याला कुठे साप निघाला की बोलवायचे. वन्यजीव सप्ताहात त्याला शाल मिळाली, आणि साप ठेवण्याचा परवानाही. गॅलरीत पुन्हा पेट्या आल्या. त्याने सापांच्या रंग आणि नक्षीवर बत्तीस पानांची पुस्तिका काढली. परदेशी शब्द, त्यांचे अर्थ, आणि मराठी प्रतिशब्द. 'सॉलिड सॅडल'समोर 'मुकं ठिगळ' छापलंय. अर्पणपत्रिका माझ्या नावाने आहे. चित्रं काढून दे म्हणाला होता, मी म्हटलं, मला आता जमत नाही. त्याने पालघरच्या एका ड्रॉइंग मास्तरांकडून काढून घेतली. वाईट आहेत.

आमच्यात भांडण असं कधी झालं नाही. एकदाच मी त्याला विचारलं होतं, "तुला झोप लागते?" तो म्हणाला, "तू पण सही केलीस." आम्ही अजून एका घरात राहतो.

ठकी सुटल्यावर वर्षाने, ब्याण्णवच्या फाल्गुनात, मी तिच्या पाड्यावर गेले. नवऱ्याला माहीमला जाते म्हणून सांगितलं. फाट्यावर उतरून अर्धा तास चालत. तिचं घर विचारलं तर एका म्हातारीने आधी मला नखशिखांत पाहिलं, मग हात केला.

ठकी अंगणात तुरीच्या शेंगा झोडपत होती. हात स्वच्छ होते. तिचे हात रंगाशिवाय मी पहिल्यांदा पाहत होते, लहान होते. मला ओळखून तिने काठी खाली ठेवली नाही, पण थांबली.

"वयनी," ती म्हणाली. "काय काम काढलंत?"

मी तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं. मी काय काय बोलले ते धड आठवत नाही. चुकले म्हणाले. पोटात पोर होतं म्हणाले. घाबरलो होतो म्हणाले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग आत जाऊन तांब्या आणला आणि माझ्या हातात दिला.

"पानी पिवा. गाडी पाचला हाय, ती चुकली तं मंग नाय."

"ठके, मला काहीतरी बोल. शिव्या दे."

"शिव्या कशाला देऊ?" ती पुन्हा खाली बसली, काठी घेतली. "तुमी येळेला बोलला असता तं झाला असता. आता तुमी बोलून काय होल? माझे सहा महिने कोन घेतं?"

विचारू नये ते विचारलं. "साप निघतात का गं अजून, ओढ्याला?"

तिने मान वर केली नाही. "निंगतात. मारतो आमी."

"तू?"

"मीच मारते. पाड्यात कोनाच्या घरात निंगला का मना बोलवतात, मना जागा म्हाईत हाय, कुठं मारला का लवकर मरतो. सोडायला गेली न् कोनी बघितला, तं म्हनतील धरला. मारला तं कोनी इचारत नाय." शेंगा उडत होत्या. "परवा एक अजगर मारला. मोठा होता. पोटात अंडी होती त्याच्या, का तिच्या म्हना."

"कुठल्या रंगाचा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ठकी थांबली. माझ्याकडे तिने असं पाहिलं की मी पदर सारखा करून उठले.

"रंग नाय बघत मी आता," ती म्हणाली.

जिवल्या शेताकडून येत होता. त्याने मला पाहिलं, खांद्यावरची कुदळ अंगणाच्या कडेला टेकवली आणि माझ्याबरोबर चालायला लागला. फाट्यापर्यंत आला. तो पहिल्यापेक्षा वाळला होता. गाडीची धूळ वळणावर दिसायला लागली तेव्हा म्हणाला, "वयनी, राग नका मानू. परत येऊ नका. ती नीट ऱ्हाते आता. तुमाला बघून तिला दोन दिस काय सुधरनार नाय, न् काम माझ्या एकट्यानं होत नाय."

मी बरं म्हटलं. गाडी थांबली. त्याने कंडक्टरला मी कुठे उतरणार ते सांगितलं, जसं पाहुण्यांना पोचवताना सांगतात तसं.

मी परत गेले नाही.